अमेरिकेहून आलेली डीव्हीडी पार्ल्यात का अडते?

प्रश्न थोडक्यात असा. विलेपार्ल्याच्या एका निवृत्त काकांकडे मुलगी-जावई न्यू जर्सीहून तीन डीव्हीडी घेऊन आले. पहिली विकतच्या इंग्रजी सिनेमाची. ती घातली की प्लेयर ‘राँग रीजन’ दाखवून ट्रे बाहेर काढतो. दुसरी नातीच्या शाळेतल्या नाटकाची. ती चालते, पण हॉलमधल्या एलईडी टीव्हीवर काळी-पांढरी दिसते. आतल्या खोलीतल्या जुन्या डब्बा टीव्हीवर काळी-पांढरी तर दिसतेच, शिवाय चित्र सारखं वर सरकत राहतं. तिसरी नातीच्या बारशाची, घरच्या कॅमेऱ्यावर काढलेली. तिला प्लेयर ‘नो डिस्क’ म्हणतो. दुकानदार सांगतो प्लेयर बदला, शेजारी सांगतो चित्राची पद्धत बदलणारा कन्व्हर्टर लावा, जावई म्हणतो तिकडचाच प्लेयर पाठवतो. काकांनी काय करावं?

काका, आधी खिशातला हात बाहेर काढा. यातल्या कशालाच अजून पैसे लागत नाहीत.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, प्लेयर उघडण्यात माझी बरीच वर्षं गेली. काउंटरवर गिऱ्हाईक कायम एकच वाक्य बोलायचं: ‘फॉरेनची सीडी आहे, लागत नाही.’ मग मी विचारायचो, पडद्यावर नेमकं काय येतं? निम्मी दुरुस्ती त्या उत्तरातच असते, कारण परदेशी डिस्क तीन अगदी वेगळ्या कारणांनी अडते. एक, तिच्यावरचं रीजनचं कुलूप. दोन, टीव्हीकडे चित्र पाठवायची पद्धत, म्हणजे पाल की एनटीएससी. तीन, डिस्क कशा प्रकारची आहे आणि कशी लिहिली आहे. या तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. तुमच्याकडे योगायोगाने तिन्हींचे नमुने एकाच बॅगेतून आले, म्हणून सगळा गोंधळ एकच वाटतोय.

पहिली डिस्क घेऊ. डीव्हीडी १९९६-९७ मध्ये बाजारात आली तेव्हा स्टुडिओंनी जगाचे भाग पाडून घेतले. सिनेमा अमेरिकेत आधी लागायचा, बाकीच्या देशांत काही महिन्यांनी. अमेरिकेतली डीव्हीडी आपल्याकडच्या थिएटरच्या आधी घरात पोचू नये आणि प्रत्येक ठिकाणी भाव आपल्या मनासारखा लावता यावा, हा हेतू. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप, जपान आणि आखाती देश २, सिंगापूर-बँकॉक-हाँगकाँगचा पट्टा ३, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका ४, आपण, पाकिस्तान, रशिया आणि बराचसा आफ्रिका ५, चीन ६. विमानं आणि क्रूझसाठी वेगळा ८. म्हणजे दुबईहून कुणी सिनेमा आणला तर तो २ नंबरचा असतो आणि सिंगापूरचा ३ नंबरचा. डिस्कच्या कव्हरमागे पृथ्वीच्या गोळ्याचं छोटं चित्र असतं, त्यात हा आकडा छापलेला दिसेल. कधी दोन-तीन आकडे एकत्र असतात, तर कधी ‘ऑल’ लिहिलेलं असतं.

प्लेयर इथे सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो. गाडीवरचा स्टिकर बघतो, आत कोण बसलंय हे बघत नाही. डिस्कवरचा आकडा आणि प्लेयरच्या मेमरीतला आकडा जुळला नाही की बाहेर. चित्राचा दर्जा, टीव्ही, केबल यांचा प्रश्नच येत नाही, तिथवर गाडी जातच नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या कन्व्हर्टरने ही डिस्क कधीच चालणार नाही. कन्व्हर्टर प्लेयरच्या पुढे लागतो आणि अडवणूक प्लेयरच्या आत झालेली असते.

उपाय बहुतेक वेळा फुकट असतो. आपल्याकडे विकल्या गेलेल्या खूपशा प्लेयरमध्ये एक लपवलेला मेनू असतो. कंपनीला एकच मशीन सगळ्या देशांत विकायचं असतं, त्यामुळे कारखान्यात आकडा बदलायची सोय ठेवावीच लागते. पद्धत साधारण अशी: डिस्क काढून ट्रे उघडा ठेवायचा, रिमोटवर सेटअप दाबायचं, ठरावीक पानावर जाऊन काही आकडे ओळीने दाबायचे. आकडे बरोबर पडले की पडद्याच्या कोपऱ्यात एकटाच एक नंबर उगवतो, तुमच्याकडे बहुधा ५. वर-खालीच्या बाणांनी तो बदलायचा आणि ट्रे बंद करायचा. ते आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात, म्हणून प्लेयरच्या पाठीवरच्या लेबलवरून मॉडेल नंबर पूर्ण उतरवून घ्या. तिरकी रेघ आणि तिच्यापुढचे आकडेही सोडू नका. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्लेयरमध्ये आतलं बोर्ड वेगळं असू शकतं आणि ते त्या शेवटच्या आकड्यांवरूनच कळतं. जावई तिकडे इंटरनेटवर मॉडेल नंबर टाकून शोधू शकेल. मात्र भलतेच आकडे ‘लागले तर लागले’ म्हणून दाबत बसू नका. याच वाटेने फॅक्टरी रीसेट होतो आणि मुलांसाठीचं लॉकही इथूनच चुकून बसतं.

त्या लॉकचं लगेच सांगतो. सिनेमाला दिलेली वयाची पातळी प्लेयरमधल्या पातळीपेक्षा वरची असेल तरी डिस्क सुरू होत नाही, आणि काही प्लेयरवर तो संदेश इतका मोघम असतो की लोक त्याला रीजनच समजतात. सेटअपमध्ये ‘पॅरेंटल’ ८ वर किंवा ‘ऑफ’ वर आहे का, हे आधी बघा.

आकडा बदलताना लोक सरळ ० करतात, म्हणजे सगळ्यांना मोकळं रान. बहुतेक कामं त्यात होतात. पण २००० सालाच्या सुमारास काही अमेरिकन स्टुडिओंनी चलाखी केली. डिस्क स्वतःच प्लेयरला नंबर विचारते, आणि उत्तर १ आलं नाही तर सिनेमाऐवजी जगाचा नकाशा आणि एक सूचना दाखवून थांबते. तुमच्या सिनेमाच्या बाबतीत ० केल्यावर असा नकाशा दिसला तर घाबरू नका, ० च्या जागी १ करा. सिनेमा बघून झाला की पुन्हा ०. प्लेयरच्या आकड्याला बदलाची मर्यादा सहसा नसते. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला असते, त्याकडे पुढे येतो.

काही कंपन्यांच्या प्लेयरमध्ये रिमोटने काहीच होत नाही. त्यांना सर्व्हिस सेंटरचा रिमोट लागतो किंवा आत चिप बसवावी लागते. तसा प्लेयर निघाला तर त्यावर हजार-दीड हजार घालवू नका.

आता दुसरी डिस्क, जी मला सगळ्यात आवडली.

शाळेने पालकांना वाटलेली डिस्क घरगुती पद्धतीने लिहिलेली असते. तिच्यावर रीजनचं कुलूप नसतंच, म्हणून प्लेयरने ती निमूट घेतली. अडचण चित्राची आहे. आपण पालवाले. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेही पालमध्येच. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं आणि डीव्हीडीवर प्रत्येक चित्रात ५७६ ओळी. अमेरिका आणि जपान एनटीएससीवाले, तिथे सेकंदाला जवळपास ३० चित्रं आणि ४८० ओळी. रंग पाठवायची रीतही दोघांची निराळी. त्यामुळे फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीला एनटीएससी दिलं की दोन गोष्टी बिघडतात: रंग सापडत नाही म्हणून चित्र काळं-पांढरं होतं, आणि चित्रांचा वेग जुळत नाही म्हणून ते वर सरकतं. तुमच्या डब्बा टीव्हीवर दोन्ही झालं. प्लेयर बिचारा आपलं काम बरोबर करतोय.

प्लेयरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही टाइप’ किंवा ‘टीव्ही सिस्टिम’ नावाची ओळ असते. तिथे पाल, एनटीएससी आणि ऑटो किंवा मल्टी असे पर्याय असतात. ऑटोवर प्लेयर डिस्कवर जे असेल ते तसंच बाहेर पाठवतो. पालवर ठेवलात तर तो एनटीएससीचं पाल करून देतो. डब्बा टीव्हीसाठी पाल करा, सरकणं थांबेल. मात्र हे रूपांतर स्वस्तातलं असतं. सेकंदाच्या ६० अर्ध्या चित्रांतून ५० करायची म्हणजे मधली काही गाळावी लागतात, त्यामुळे कॅमेरा स्टेजवर डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र हिसके देतं. काही प्लेयर तर फक्त रंग पालचा करतात आणि वेग तसाच ठेवतात. मग रंग येतो, पण चित्र सरकायचं ते सरकतंच. तसं झालं तर त्या टीव्हीचा नाद सोडा.

हॉलमधल्या एलईडीवर मात्र चित्र स्थिर आहे, फक्त रंग नाही. हे कोडं वेगळं आहे. आजकालचा कुठलाही एलईडी टीव्ही दोन्ही वेग पचवतो, मग रंग गेला कुठे? एक परीक्षा करा. घरातली एखादी आपल्याकडची डिस्क त्याच केबलवर लावा. ती रंगीत दिसली तर टीव्हीच्या मेनूत ‘कलर सिस्टिम’ शोधा. कुणीतरी ती पालवर पक्की करून ठेवली असणार, ऑटो करा आणि विषय संपला. पण आपली डिस्कही काळी-पांढरीच दिसली तर टीव्हीच्या मागे जा. बऱ्याच एलईडी टीव्हींवर जागा वाचवायला पिवळी आणि हिरवी जॅक एकच केलेली असते, भोकाभोवती अर्धं पिवळं अर्धं हिरवं वर्तुळ असतं. प्लेयरची पिवळी पिन तिथेच जाते, पण टीव्हीवर सोर्स ‘एव्ही’ च्या ऐवजी ‘काँपोनंट’ (हिरव्या जॅकची, तीन वायरींची पद्धत) निवडला गेला की फक्त उजेड-अंधार पोचतो, रंग पोचत नाही. रिमोटवर सोर्स दाबून एव्ही निवडायचं, एवढंच. यासाठी पश्चिम उपनगरांतून लोक आख्खा प्लेयर पिशवीत घालून ग्रँट रोडपर्यंत घेऊन यायचे.

आपल्याकडची डिस्क म्हणताना एक मेख आहे. हिंदी सिनेमांच्या कित्येक डीव्हीडी मुळात एनटीएससीच निघायच्या, कारण परदेशातलं गिऱ्हाईक मोठं होतं. म्हणजे परीक्षेला घेतलेली हिंदी डिस्क पालचीच असेल असं धरू नका, कव्हरमागचं बारीक अक्षर वाचा. उलट, तशी एनटीएससी हिंदी डिस्क तुमच्या टीव्हीवर आजवर रंगीत दिसत असेल तर टीव्हीला एनटीएससी येतं हे तिथेच सिद्ध झालं.

प्लेयरला एचडीएमआय असेल तर ही सगळी कटकटच मिटते. एचडीएमआयमधून पाल-एनटीएससीचा रंग जातच नाही, फक्त ओळी आणि वेग जातो आणि तो टीव्हीला चालतो. पाचशे रुपयांच्या आतली ती केबल शेजाऱ्यांच्या कन्व्हर्टरपेक्षा कधीही बरी.

रीजन आणि पद्धत यांची गल्लत मात्र करू नका, दुकानदारही करतात. जपान आणि इंग्लंड दोघेही २ नंबरचे, पण जपानची डिस्क एनटीएससी आणि इंग्लंडची पाल. ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको दोघेही ४, तरी ऑस्ट्रेलिया पाल, मेक्सिको एनटीएससी. ‘ऑल रीजन’ लिहिलेली डिस्कही पद्धतीने पाल किंवा एनटीएससी असतेच. आणि गाण्याचा कान असलेल्यांसाठी एक गंमत: थिएटरचा सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, तो पालमध्ये बसवताना बहुतेक वेळा सरळ २५ च्या वेगाने पळवतात. दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज तसाच सोडला असेल तर पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढते. पेटी घेऊन बसणारे एक गृहस्थ लंडनहून आणलेली डिस्क ‘बिघडलेली’ म्हणून परत करायला निघाले होते, त्यांना हे सांगितलं तेव्हा कुठे ते शांत झाले.

तिसऱ्या डिस्कची मला खरी काळजी वाटते. सिनेमा पुन्हा विकत मिळेल, बारसं मिळणार नाही.

‘नो डिस्क’ म्हणजे प्लेयरला डिस्कवर काही लिहिलंय हेच दिसत नाहीये. डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. लिहिलेल्या भागाची छटा कोऱ्या भागापेक्षा गडद असते, मधून बाहेरच्या दिशेने एक पट्टा स्पष्ट दिसतो. पट्टा दिसतोय म्हणजे मजकूर आहे. मग सगळ्यात मोठा संशय फायनलायझेशनचा. डिस्कवर थेट रेकॉर्ड करणारे कॅमेरे शूटिंग संपलं तरी डिस्क उघडी ठेवतात, पुढे आणखी काही घ्यायचं असेल म्हणून. मेनूतून ‘फायनलाइझ’ केल्यावरच ती दुसऱ्या प्लेयरला वाचता येते. डिस्क छोटी, म्हणजे ८ सेंटीमीटरची असेल तर हेच कारण असण्याची शक्यता फार. त्यावर उपाय तोच कॅमेरा, किंवा त्याच कंपनीचा त्या धाटणीचा दुसरा. तो न्यू जर्सीच्या कपाटात पडलेला असेल तर जावयाला सांगा, विकू नका म्हणावं.

दुसरी शक्यता, डिस्क फायनलाइझ आहे पण ती व्हिडिओ डीव्हीडीच नाही. कॉम्प्युटरमध्ये घालून फोल्डर बघा. व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी फायली असतील तर ती नेहमीची डीव्हीडी आहे आणि तुमच्या प्लेयरची लेन्स दमली आहे. डीव्हीडी_आरटीएव्ही दिसलं तर ती रेकॉर्डरच्या वेगळ्या पद्धतीने लिहिलेली आहे आणि साधे प्लेयर ती घेत नाहीत. बीडीएमव्ही असेल तर एचडी कॅमेऱ्याचं शूटिंग साध्या डीव्हीडीवर लिहिलंय, ते ब्लू-रे प्लेयरला समजेल, तुमच्याला नाही. नुसत्या एमपी४ फायली असतील तर टीव्हीला पेन ड्राइव्ह लावा आणि डीव्हीडी विसरा.

कॉम्प्युटरवर डिस्क उघडली तर त्याच बैठकीत आख्खी कॉपी करून दोन ठिकाणी ठेवा. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये मजकूर रंगद्रव्याच्या थरावर असतो. तो कारखान्यातल्या छापील डिस्कइतका टिकत नाही, आणि मुंबईची दमट हवा त्याला मानवत नाही. पावसाळ्यात बंद कपाटातल्या डिस्कवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग मी भरपूर पाहिलेत. डाग पुसायचे तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. वर चिकटवलेलं कागदी लेबल सोलायला तर मुळीच जाऊ नका, ओढताना डिस्कच्या आतल्या थरांना इजा होऊ शकते.

डिस्कचं फाइलमध्ये रूपांतर करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, सेकंदाची ३० चित्रं ३०च ठेवा, पाल करू नका. टीव्ही, फोन, कॉम्प्युटर सगळ्यांना ३० चालतात आणि उगाच २५ केली की हिसके कायमचे फाइलमध्ये बसतात.

कॉम्प्युटरचं रीजनवालं प्रकरण वेगळं आहे. २००० नंतरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा नंबर तुम्हाला फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचवा बदल झाला की तो ड्राइव्ह त्याच नंबरवर गोठतो. विंडोज नव्याने टाकलं तरी उपयोग नाही, कारण मोजदाद ड्राइव्हच्या स्वतःच्या मेमरीत होते. ‘रीजन बदलू का?’ असा प्रश्न पडद्यावर आला की लोक उत्साहाने हो म्हणतात, तसं करू नका. व्हीएलसी हा फुकट प्रोग्रॅम पुष्कळदा नंबर न बदलताच डिस्क लावतो. काही लॅपटॉप ड्राइव्ह मात्र हट्टी असतात, ते वाचायलाच नकार देतात. तिकडच्या डिस्क नेहमी येणार असतील तर एक स्वस्त बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह घ्या, तो एकदाच १ नंबरवर लावा आणि घरातला आहे तसा राहू द्या.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी पुढे कुणीतरी विचारेल. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५ अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. विकत घेतलेली डिस्क घरात बघायला प्लेयरचा नंबर बदलणं आणि त्या सिनेमाच्या प्रती काढून स्टेशनबाहेर विकणं यातला फरक ‘हेतू’ या शब्दात आहे. मी दुरुस्तीवाला, वकील नाही, पण दुसरं काम मी कधी हातात घेतलं नाही.

जावयांच्या प्लेयरबद्दल: पाठीवरच्या लेबलवर काय लिहिलंय ते आधी वाचायला सांगा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर फक्त पिन बदलून चालेल. नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातल्यावर तो एकदाच आवाज करतो. मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणा, तो टीव्हीमागे गुंगुं करत गरम होणार. एवढं करून तिकडचे बरेच प्लेयर पाल डिस्क घेतच नाहीत, म्हणजे तुमच्या जुन्या डिस्कसाठी जुना प्लेयर ठेवावाच लागेल. इतका संसार एका सिनेमासाठी मांडू नका.

दुसरा प्लेयर घ्यायचाच झाला तर लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केटला जुना बघा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, गाण्या-सिनेमांच्या डिस्कचं जुनं दुकान, २०१६ मध्ये बंद झालं, तशी नव्या डिस्क आणि प्लेयर मांडून ठेवणारी दुकानंही आटली. ‘ऑल रीजन आहे साहेब’ या वाक्यावर आणि डब्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. अमेरिकन सिनेमाची ती डिस्क सोबत न्या आणि दुकानातच लावायला सांगा. सुरुवातीची कंपनीची चित्रं दिसली म्हणून थांबू नका, सिनेमा सुरू होऊ द्या आणि एकदा शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा. दमलेली लेन्स बाहेरच्या कडेला अडखळते, सुरुवातीला नाही. एचडीएमआय आहे का आणि रिमोट मूळचा आहे का, तेही बघून घ्या. रिमोट मूळचा नसेल तर लपवलेल्या मेनूला लागणारं एखादं बटण त्यावर नसायचं.

आणि पुढच्या वेळी जावई ब्लू-रे आणतो म्हणाला तर त्याचे भाग वेगळे आहेत. अमेरिका ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, आपण रशिया-चीनबरोबर सी. बऱ्याच ब्लू-रे डिस्कवर कुलूप लावलेलंच नसतं, आणि फोरके अल्ट्रा एचडी डिस्कला तर रीजनच नाही. पण ब्लू-रे प्लेयरमध्ये साधी डीव्हीडी घातली की जुनाच १ ते ६ चा हिशेब लागू होतो, आणि त्या प्लेयरचे हे दोन्ही नंबर स्वतंत्र असतात. एक मोकळा केला म्हणून दुसरा होत नाही.